खालच्या पट्टीची माती

मामंजी, आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होता तेव्हा डोईवरचा पदर सावरता सावरताच माझं निम्मं भांडण सांडून जायचं, आणि उरलेलं तुम्ही नुसतं खाकरलात की मी गिळून टाकायची. आता तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली, माझीच नातवंडं मला दटावायला लागली, मग आता भ्यायचं कुणाला? शाळा माझी तिसरीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण बोलणं बक्कळ आहे. नातीच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेऊन बसलेय. सगळे रानात गेलेत, घरात मी आणि चुलीवरचं दूध.

थांबा, दूध उतरवून आले.

भांडण खालच्या पट्टीचं आहे. तुमच्या उसाला पाणी पाजून पाजून ती पट्टी चोपण झाली होती. ओली झाली की पायाला गूळ लागल्यासारखी चिकटायची, वाळली की कुदळ उलटी उडायची. मी भाकरी घेऊन यायची तेव्हा तुम्ही बांधावर बसून तिच्याकडं बघत असायचा, आजारी बैलाकडं बघावं तसं. एकदा म्हणालात, "मेली ही पट्टी. आता भट्टीवाल्याला देऊन टाकतो, विटा तरी हुतील." आमचं माहेर राधानगरीकडचं, डोंगरातलं. तिकडं बापानं भाताच्या चिखलात झाडाचा पाला तुडवूनच आम्हाला वाढवलं. भट्टीवाला दोन हात खोल माती नेतो, मागं नुसता खड्डा राहतो, त्यात म्हशी डुंबतात. रान विकलं तर कुणाचं तरी होतं, पण माती नेली तर ते कुणाचंच राहत नाही. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्यापुढं तोंड उघडलं. "मला द्या ती."

तुम्ही हसलात. "तू काय करणार तिचं, रांगोळी?" पण दिलीत. तीन बेंदरांची, बैलांच्या तीन सणांची मुदत घातलीत; तोवर पट्टी सुधारली नाही तर भट्टीवाला.

माझ्या भावानं गिरिपुष्पाचे दांडके आणले, ते मी चारी बांधांना रोवले. मधे शेवगा, हादगा. तुम्हाला बांधावर झाड म्हणजे वैरी. "वसवा पडतोय, सावलीत पीक येत न्हाय," हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या पावण्याला ऐकवायचा. मी मनात म्हणायची, पीक तर उन्हातबी नव्हतंच की! फांद्या वाढल्या की मी छाटायची आणि पट्टीत पसरायची. वरच्या रानातला ऊस गेला की तुम्ही पाचट पेटवायचा, आणि मी तुमच्या काडीच्या आधी जाऊन भारे बांधून खाली आणायची. आया-बाया हसायच्या. "काय गं, रानाला अंथरूण घालतीयास व्हय?" घालतेच की. उघड्यावर कोण निजतं? आणि तुमचा लेक? तो म्हणायचा, "मला मधी घिऊ नका." कुणी घेतलंच नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात ओलं पाचट उचललं तर खाली पांढरे धागे, म्हातारीच्या केसांसारखे, पानाला पान शिवत गेलेले. नाकाला वास आला तो माझ्या माहेरच्या रानाचा. मी तिथंच फतकल मारून बसले आणि एकटीच हसत सुटले. मग गांडुळं आली. कुठून आली देव जाणे, मी काही आमंत्रण धाडलं नव्हतं. शेवयांची गुंतवळ टाकावी तशी जागोजागी माती वर काढून ठेवायची. तुम्हाला दाखवायला ओंजळीत घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "किडं पडलं रानात."

आणि मग तिसरा बेंदूर. सगळं गाव कुंभाराकडून मातीचे बैल आणतं, पण तुमचा नेम वेगळा. आपल्या रानाची माती, आपल्या हाताचे बैल. आणि ती माती वर्षानुवर्षं खालच्या पट्टीच्या बांधाकडचीच, कारण तिच्याइतके सुबक बैल दुसऱ्या कुठल्या मातीचे होत नसत. त्या दिवशी तुम्ही सोप्यात बसलाय, पुढ्यात पाट, मी पुरणाचं पातेलं घेऊन उभी. तुम्ही बैल उभा करताय आणि त्याचा पाय गळतोय. पुन्हा माती मळताय, पुन्हा उभा करताय, तर शिंग गळून पडतंय, वशिंडाला चीर जातेय. चौथ्या वेळी तुम्ही मातीचा गोळाच अंगणात भिरकावलात. "बैल उभा राहत न्हाय तुझ्या मातीचा! हुती न्हवती ती ताकद घालवलीस!"

सगळं घर ऐकत होतं. पुरण तसंच राहिलं, त्या वर्षी पहिल्यांदा आपल्या देव्हाऱ्यापुढं कुंभाराचे बैल आले, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं ते मी पाहिलं. मला वाईट वाटलं. पण मामंजी, आज रोखठोक सांगते, चूक तुमची होती. ज्या मातीचा बैल सुबक होतो, तिच्यात बीजाला श्वास घ्यायला जागा नसते. तुम्ही आयुष्यभर मातीची ताकद चिकटपणात मोजलीत. माणसांचीबी तशीच मोजायचा.

मुदत संपली होती. दिवाळी झाल्यावर भट्टीवाला आला, मोटरसायकलवरून, पांढरी पँट घालून, आणि म्हणे माती बघायला! तुमचे गुडघे धरले होते म्हणून तुम्ही वरच्या बांधावर बसलात आणि मला म्हणालात, "जा, दाखीव त्याला." माझी पट्टी मलाच दाखवायला लावलीत. मी त्याला गिरिपुष्पाच्या कडेनं नेलं. त्यानं पाचट बाजूला सारलं, मूठभर माती घेतली, माझ्या कळशीतलं पाणी मारून तिची वळी केली. तुटली. पुन्हा केली, पुन्हा तुटली. हात झटकत तो तुमच्याकडं गेला.

"काका, चेष्टा करताय व्हय? नुसती मुळं, पाला न् गांडुळं हाईत. वीट भाजली की तडकणार. मला मेलेली माती लागती, ही जिती हाय."

तुम्ही त्याच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. काठी टेकत घरी गेलात आणि जेवताना म्हणालात, "आमटीला मीठ जास्त झालंय." झालं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होता, पण पट्टीचं नाव काढलं नाहीत. आता या, बघा. झाडांच्या मधे भुईमूग होतो, हळद होते, कितीही पाऊस पडला तरी पाणी मुरतं. नात शेतीच्या कॉलेजात शिकते. काल तिनं खुरप्यानं माती उकरली आणि ओरडली, "आज्जी, तुझ्या ओंजळीत आख्ख्या गावापेक्षा जास्त जीव हाईत!" मी म्हटलं, "हे तुला आत्ता कळलं व्हय? कॉलेजाची फी परत माग." इतकी हसलो दोघी, की शेजारीण बघायला आली.

हे सगळं मी नातीला वाचायला देणार होते, तिनं काना-मात्रा बघून दिली असती. पण आता पुढचं लिहायचंय ते तिच्यासमोर नको, तुमच्या लेकासमोर तर नकोच. म्हणून ही पानं मी वहीतून फाडून घेणार आहे.

भट्टीवाला माती झटकून निघाला तेव्हा त्यानं पट्टीच्या मधल्या मातीकडं बोट केलं होतं. "वैनी, मधली बघू जरा." मी म्हटलं, "कालच पाणी पाजलंय, पाचटाखाली कळत न्हाय, गुडघ्याएवढं रुताल." त्यानं आपल्या पांढऱ्या पँटकडं बघितलं आणि माघारी वळला.

पाणी पाजलं नव्हतं, मामंजी. बांधाच्या कडेला माती जागी झाली होती, पण मधली तेव्हा अजून तुमच्याच म्हणण्यासारखी होती. चांगली, चिकट, विटेची. तिला आणखी चार पावसाळे लागले.