पोपटाचा खरा हिरवा

तुळजापूर, ३ जानेवारी १९४६
सोलापूरचे छापखानेवाले महालिंगप्पा मुलांचं चित्रपुस्तक काढतायत. मराठीत. इथे निजामाच्या राज्यात आमच्या शाळेत पोरं उर्दूतून शिकतात, म्हणून काम मोठं. बारा चित्रं मला सांगितली. शाळेतून दीड महिन्याची रजा काढली. ड्रॉइंग मास्तर पुष्कळ, चित्रकार एखादाच.
अट एकच. एका चित्रात चारच रंग. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा लागतो म्हणे.

९ जानेवारी
पोपट पूर्ण. रंग अकरा. चारांत पोपट मावत नाही.
इरम्मा म्हणाली, वाळल्या पाल्यावाणी दिसतोय. बायकोला छटा कळत नाहीत.

२ फेब्रुवारी
बाराही चित्रं स्वतः सोलापूरला पोचवली. निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या जकात नाक्यावर कारकुनानं गाठोडं सोडायला लावलं. घार झकास काढलीय म्हणाला. पोपट होता. सरकारी नोकरीत नजर जाते.

१८ फेब्रुवारी
पहिलं प्रूफ टपालानं आलं. पोपट मळकट. कडक पत्र टाकलं: शाई वाईट, दगड वाईट, कारागीर लिंबाजी बेपर्वा.

१ मार्च, सकाळ
लिंबाजीचं उत्तर. प्रूफ उन्हात धरून बघा, आणि खऱ्या रंगाची पट्टी रंगवून पाठवा.
मला शिकवतो. तरी मोठ्या मनानं पट्ट्या केल्या. सतरा निघाल्या, सगळ्या हिरव्या. पोपटाची कुठली ते मुद्दाम लिहिलं नाही. कारागिराला ओळखता यायला हवं.

२० मार्च
चित्र परत मागवलं. वरून पिवळा दिला. मग निळा. मग पुन्हा पिवळा. कागद फुगला. पोपटाला वजन आलं. पुन्हा सोलापूरला धाडला.
रजा पुन्हा वाढवून मागितली. हेडमास्तर कल्याणप्पा म्हणाले, पोपट झाला की या. त्यांच्या सुरात आदर वाटला.

१२ एप्रिल, सोलापूर
स्वतः उभा राहून रंग जुळवून घ्यायला आलो. लिंबाजीनं माझं चित्र आणि नवं प्रूफ अंगणात शेजारी-शेजारी ठेवलं.
म्हणाला, “मास्तर, हुबेहूब छापलंय. फरक कुठं हाय, बोट ठेवा.”
बराच वेळ बघितलं. ऊन फार होतं.
बोट ठेवलं नाही.
महालिंगप्पा चहा पाजून म्हणाले, रेघा तुमच्या चांगल्या आहेत. पुस्तक नुसत्या काळ्या रेघांत काढू. रंग मुलं भरतील.
कल्पना मूळ माझीच असावी.

५ जून
पुस्तक आलं. आत माझं नाव, बारीक टाइपात. महादेवी, आमची मुलगी, दुसरीत आहे. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तिनं पोपट रंगवला.
इरम्मानं बघितला, आणि पुस्तक भिंतीतल्या देवळीत उभं करून ठेवलं.
मी उन्हात नेऊन पाहिला.
मग महादेवीला सहज विचारल्यासारखं विचारलं, किती रंग वापरलेस?
“एकच, अप्पा.”
दुपारी ती झोपली, तेव्हा तिच्या हिरव्या पेन्सिलीवरचा नंबर लिहून घेतला.