गळ, गप्पा आणि गोटीराम

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी १०.
रिटायर होऊन शंभर दिवस झाले. योगिनी शाळेत गेली. तिच्या नोकरीची अजून चार वर्षं आहेत. घरात मी आणि फ्रिजचा आवाज. आत्तापर्यंत तीनदा गॅलरीत जाऊन आलो. नाशिक रोडचं एकूण बरं चाललंय.
संकल्प: आजपासून ती मासेवाली मालिका दिवसाला एकच एपिसोड.

८ सप्टेंबर. दुपारी ३.
चार पाहिले. पण अभ्यास म्हणून.

१० सप्टेंबर, बुधवार.
योगिनीने विचारलं, त्या मालिकेत असतं तरी काय? सांगितलं: दोन म्हातारे, नात्याने मेहुणे-मेहुणे, एका खटारा व्हॅनमधून गावोगाव फिरतात, गळ टाकून बसतात आणि भांडतात. अकरा एपिसोडमध्ये दोन मासे मिळाले, त्यातला एक निसटला. एकदा तर नदी सापडली नाही म्हणून कुणाच्या तरी लग्नात जेवून परत आले. ती म्हणाली, म्हणजे काहीच घडत नाही. मी म्हटलं, तीच तर गंमत आहे! ती म्हणाली, मग गॅलरीत बसा, तिथेही काही घडत नाही.
तिला समजणार नाही. त्या दोघांना कुठे पोचायचंच नसतं. मासा नाही मिळाला तरी खूष. मी अगदी तसाच आहे. फक्त संधी मिळाली नाही.

११ सप्टेंबर. पहाटे ५.
झोप नाही. कारण सुचलंय! अशी मालिका मराठीत नाही. मीच काढणार. नाव: ‘गळ आणि गप्पा’. जोडीदार: गोटीराम. मखमलाबादला त्याचा झेंडूचा मळा आहे. पाचवीपासूनचा दोस्त. बोलतो मजेशीर, आणि मुख्य म्हणजे मला आजवर कशालाच नाही म्हणालेला नाही. विचारी माणूस मी, विनोदी तो. अशी वाटणी.

१४ सप्टेंबर, रविवार.
टोपी, रॉड, रीळ आणि लाइफ जॅकेट आणलं. (पोहता येत नाही, पण ते दिसायला नको.) मळ्यात जाऊन गोटीरामला योजना सांगितली. तो फुलांना पाणी देत होता. म्हणाला, “भारत्या, मासं खायचं असंल तर भद्रकालीच्या बाजारात मिळत्यात की.” मी म्हटलं, खायचे नाहीत, मी शाकाहारी. तो बराच वेळ विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, “बरं, येतो.”
भागीबाई वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, “भाऊजी, दसऱ्यापोतर यांना लय नेऊ नका. वर्षाची मदार दसरा नि लक्ष्मीपूजन या दोन दिवसांवर हाय.” मी म्हटलं, वहिनी, काळजीच नको.

१७ सप्टेंबर, बुधवार.
एपिसोड १. गंगापूर धरणाकडे. गांडूळ हातात धरवेना, म्हणून कणकेच्या गोळ्या नेल्या. (संध्याकाळी पोळ्या नव्हत्या. योगिनीने चौकशी केली.) मी प्रवास आणि माणसाचं मन यावर बोललो. गोटीराम मागे उकिडवा बसून तंबाखू मळत होता. चार तासांत मासा नाही.
मला त्याचं काही नाही.

१७ सप्टेंबर. संध्याकाळी ६.
रॉड सदोष आहे. दुकानदाराशी बोललं पाहिजे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.
दिशाला पुण्याला व्हिडिओ पाठवला. मुलगी असून तिने स्पष्टच सांगितलं की त्रेचाळीस मिनिटांपैकी चाळीस मिनिटं तुम्हीच बोलताय बाबा. तरुणांना धीर नाही. तसाच अपलोड केला. चौदा जणांनी पाहिला, त्यात नऊ वेळा मी. एकच कॉमेंट: ‘ते तंबाखूवाले काका अजून दाखवा.’ प्रेक्षक नवीन आहे, गोंधळलाय.

२१ सप्टेंबर, रविवार.
एपिसोड २. गोटीरामला मासा मिळाला! चिलापी. माझा रॉड धरून बस म्हटलं आणि मी टोपी बदलायला गाडीकडे गेलो, तेवढ्यात. मी म्हटलं, परत पाण्यात सोड, आपण पुन्हा घेऊ, या वेळी रॉड मी धरतो. तो म्हणाला, “त्यो काय तुझ्या ऑफिसचा शिपाई हाय का, बोलावला की यायला?” कॅमेरा बंद होता. चांगलं वाक्य वाया गेलं. घरी येऊन तेच वाक्य मी कॅमेऱ्यासमोर म्हणून पाहिलं. जमलं नाही. प्रकाश कमी होता.

२७ सप्टेंबर, शनिवार.
नवरात्र चालू. पाऊस थांबेना. घरात बसवत नाही. फेऱ्या मारल्या, मोबाईलवर मोजल्या, सहा हजार पावलं, सगळी हॉलमध्ये. नवीन विचार: ‘दसरा स्पेशल’! इगतपुरीच्या पुढे धरणाच्या मागच्या अंगाला धुकं, डोंगर, भाताची खाचरं. अगदी त्या मालिकेतल्यासारखं.

२९ सप्टेंबर, सोमवार.
गोटीराम म्हणाला, “उद्या तोड हाय रे. परवा मार्केट.” मी सगळं पटवून दिलं. पहाटे पाचला निघायचं, बाराला परत. दुपारपासून फुलं तोड, कोण अडवतंय? तो म्हणाला, “पावसाचं हाय भारत्या.” मी म्हटलं, तेच तर वातावरण पाहिजे! मागून वहिनींचा आवाज आला, “नाय म्हणा त्यांना.” शेवटी तो म्हणाला, बारा म्हणजे बारा.
संकल्प: बारा म्हणजे बारा.

३० सप्टेंबर, मंगळवार. रात्री ९.
जरा उशीर झाला.
गाडी पाण्याच्या कडेला उभी केलेली शॉटमध्ये हवी होती. गोटीराम म्हणाला, खाली नेऊ नको, माती ओली हाय. पण मालिकेत व्हॅन कडेलाच असते. साडेनऊला पुढची दोन्ही चाकं निम्मी चिखलात. मोबाईलला रेंज नाही. गोटीरामने दगड घातले, फांद्या घातल्या, ढकललं. कमरेपर्यंत चिखल. मी शूटिंग सुरू ठेवलं, कारण असं फुटेज ठरवून मिळत नाही. म्हटलं, काहीतरी मजेशीर बोल ना. तो म्हणाला, “भारत्या, तो मोबाईल खाली ठेव.”
मग तो पावसात चालत गावात गेला. ट्रॅक्टर भातातून मोकळा होऊन यायला चार वाजले. परतीच्या रस्त्यात गोटीराम एक शब्द बोलला नाही. दमला असेल.
साडेसातला मळ्यावर. अंधार. वहिनी आणि शेजारच्या दोघी क्रेट उचलत होत्या. चौथी बाई वळली तर योगिनी! वहिनींचा फोन आला म्हणून शाळेतून सरळ तिकडे गेलेली. अर्धा मळा तोडायचा राहिला होता. गोटीराम तसाच चिखलाच्या कपड्यांनी आत शिरला. मी म्हटलं, मी पण येतो. वहिनी म्हणाल्या, “नको भाऊजी. झाडं तुडवाल.”

१ ऑक्टोबर, बुधवार.
रात्रभर धो धो. योगिनी सांगत होती की राहिलेली फुलं झाडावरच काळी पडली. भिजलेली फुलं मार्केटमध्ये कुणी हातात घेत नाही. निसर्गापुढे इलाज नाही.
माझ्याशी ती एवढंच बोलली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
गोटीराम दर दसऱ्याला सोनं द्यायला येतो. आज आला नाही. पाऊस. पाच फोन केले. नेटवर्क नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
मखमलाबादचं नेटवर्क अजून बंद. योगिनीचा फोन मात्र लागला. वेगळी कंपनी.
बसवत नाही म्हणून ‘दसरा स्पेशल’ अपलोड केला. गोटीराम पाहील, हसेल, विषय संपेल.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ८.
सहा हजार लोकांनी पाहिला! सहा हजार!! हे तर होणारच होतं.

५ ऑक्टोबर. सकाळी ९.
कॉमेंट वाचल्या. ‘काका चिखलात मरतायत आणि हे शूटिंग करतायत.’ ‘टोपीवाल्या, जरा हात लाव की गाडीला.’ ‘याला मित्र म्हणायचं?’ अशा बऱ्याच.
दिशाचा फोन. काढून टाका म्हणाली. मी म्हटलं, लोकांना विनोद कळत नाही. ती म्हणाली, “बाबा, गोटीराम काका रडायला आलेत त्यात. तुम्ही पाहिलंत का नीट?”
मी स्वतः एडिट केलाय. अर्थातच पाहिलंय.

५ ऑक्टोबर. दुपारी १.
पुन्हा पाहिला. मोबाईल खाली ठेव म्हणतो, तिथे थांबवून.
व्हिडिओ तांत्रिक कारणास्तव काढला.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
मालिकेचा जुना एपिसोड लावला. दहा मिनिटांत बंद केला. दुसरा लावला. तोही. ते दोघे भांडून पुन्हा एकाच व्हॅनमध्ये कसे बसतात, ते कुठेच दाखवत नाहीत. मोठी चूक आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार.
योगिनी म्हणाली, फोन काय करताय, गाडी काढा आणि जा. मी म्हटलं, योग्य वेळ आली की जाईन. ती म्हणाली, वेळ येत नसते, तुम्ही जायचं असतं. रोज एकदा गाडी पुसतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार.
ठरलं. उद्या सकाळी जाणार. लक्ष्मीपूजनाची तोड सुरू झाली असेल. काय बोलायचं ते लिहून काढलं, दीड पान. मग एक पान केलं. मग फक्त ‘चुकलं’ ठेवलं. हाच शब्द आरशासमोर म्हणून पाहिला. बरा वाटतो.

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.
मखमलाबादला जाऊन आलो. सगळं मिटलं. गोटीरामने मला पाहताच मिठी मारली. म्हणाला, सोड रे, त्यात काय. वहिनींनी चहा दिला. घरी यायला निघालो तेव्हा पिशवीभर फुलं दिली. जुनी मैत्री ही अशी असते.

१९ ऑक्टोबर. दुपारी ४.
वरची नोंद खरी नाही.
मळ्याच्या वळणापर्यंत गेलो. गाडी थांबवली. कुंपणातून सगळं दिसत होतं. गोटीराम, वहिनी आणि योगिनी. मैत्रिणीकडे जाते म्हणून ती सकाळी निघाली होती. तिघं वाकून फुलं तोडत होती. गोटीराम काहीतरी बोलला आणि त्या दोघी खो खो हसल्या. काय बोलला ते ऐकू आलं नाही. काच वर होती. मी वीस मिनिटं बसलो. मग गाडी वळवली. नाक्यावर एका माणसाकडून फुलं घेतली आणि घरी आलो.
योगिनी अडीचला आली. हात पिवळे झालेले. टेबलावरची फुलं पाहिली, एक उचलून दाबलं, परत ठेवलं. म्हणाली, ही त्यांची नाहीत.
मी फुलं परत पिशवीत भरली.
ती म्हणाली, गोटीराम भाऊजींनी तुमची गाडी ओळखली होती. ‘आला भारत्या’ म्हणाले. उपडं क्रेट पुसून ठेवलं तुम्हाला बसायला. वहिनी चहा ठेवायला उठल्या.
मी विचारलं, मग?
ती म्हणाली, “मग काय. तुम्ही गाडी वळवलीत. आम्हाला फुलं तोडायची होती.”