करडे हातमोजे

२ नोव्हेंबर १९०८

पांढरी लोकर संपली, म्हणून एलमचे हातमोजे करड्या लोकरीचे विणले. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला — "करडे मोजे घेऊन कुणी बोटीवर चढतं का गं, लविना? माणसाला समुद्रात ओढतात ते!" एलम म्हणाला, "आई, गारठ्यानं बोटं गळाली तर पांढरे मोजे कशात घालू?" आम्ही दोघं हसलो. सासूबाई नाही.

५ नोव्हेंबर

'लेटिशा' बोट एलमला घेऊन गेली. शेलबर्न बंदरात लाकूड चढवायचं आणि थेट बार्बाडोस, येताना काकवी. कप्तान ईनस आमचे शेजारी. त्यांची बायको ड्रुसिला आणि मी धक्क्यावर. मोजे एलमच्या पेटीत, अगदी तळाशी — कप्तानांना दिसायला नकोत!

११ नोव्हेंबर

तीन दिवस वादळ.

१६ नोव्हेंबर

तार आली. 'लेटिशा'च्या नावाची फळी आणि एक उलटी होडी सापडली. बाकी काही नाही.

२२ नोव्हेंबर

चर्चमध्ये सात नावं वाचली. एलमचं चौथं. माझ्या बाकावर माझ्याशिवाय कुणी नाही — सासूबाईंनी मोज्यांची गोष्ट गावभर केली आहे. ड्रुसिला मला पाहून रस्ता बदलते, ते जास्त लागतं.

मूठभर लोकरीनं सात माणसं बुडतात? हसू येतं. पण एलम, मला खरंच वाटायला लागलंय रे.

३ डिसेंबर

उरलेली करडी लोकर चुलीत घालायला उठले. घातली नाही. का, कोण जाणे.

१७ जानेवारी १९०९

एलम आला!! दाढी छातीपर्यंत, हातात तेच मोजे! शेलबर्नला गारठा पडला म्हणून यानं ते घातले, आणि कप्तानांनी पाहिले. भर धक्क्यावर पेटी फेकली — "ही पनवती घेऊन मी निघणार नाही!" एलम म्हणतो, "कुठल्या तोंडानं घरी येऊ? गेलो जंगलात लाकूडतोडीला." बोट बुडाल्याचं त्याला परवा कळलं. मी रडले, मग त्याला एक ठेवून दिली. अडीच महिने! एक ओळ लिहवली नाही!

सासूबाईंनी मोज्यांचा मुका घेतला. म्हणे, "मी तेव्हाच म्हटलं होतं, लोकर चांगली आहे."

२० जानेवारी

ड्रुसिला आली. वाटलं, आता शिव्या देईल. हक्कच आहे तिचा. बसली नाही. दारातूनच म्हणाली, "बर्फ वितळला की आमचा पोरगा सायलस बोटीवर जाईल. ऐकत नाही. करडी लोकर उरलीये का गं?"