वाकलेली साखर

१२ ऑगस्ट २००३, मंगळवार

काय हिंमत! सगळ्या लॅबसमोर, सर बसलेले असताना, नम्रता उठली. यवतमाळहून येऊन तीन महिने झाले नाहीत अजून. म्हणे, "ताई, बिना साखरेचा क्रिस्टल पाहिला काय तुम्ही? गोठवायच्या आधी आपण ग्लिसरिनमध्ये बुडवतो, तेच तर नाही बसलं ना तिथं?"

ग्लिसरिन! पाच वर्षं या एका एन्झाइमचे क्रिस्टल वाढवतेय मी. शेकडो वेळा नुसता गाळ हाती आला. आता कुठे साखरेत भिजवलेला एक क्रिस्टल क्ष-किरणांसमोर टिकला, त्यातल्या अणूंचा नकाशा मिळाला, आणि एन्झाइमच्या खोबणीत साखरेचं कडं दिसतंय — वाकलेलं! मोकळी साखर अशी नसतेच. म्हणजे एन्झाइम तिला आधी पिळून अर्ध्या वाटेवर आणून ठेवतं, मग तोडतं. म्हणून तर वर्षानुवर्षांचं काम क्षणात उरकतं. हे मी पाहिलंय, या डोळ्यांनी! आणि ही मला ग्लिसरिन शिकवणार.

१३ ऑगस्ट

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून झापलं. "पेपर जूनमध्येच जर्नलकडे गेलाय, आता फाटे फोडू नका." बरं झालं.

१७ ऑगस्ट, रविवार

धाकटा अभिनव हिंजवडीला आयटीत लागल्यापासून भलताच शहाणा झालाय. जेवताना म्हणे, "ताई, पाच वर्षं एकच चित्र बघतेस. आमच्याकडे पाच महिन्यांत सॉफ्टवेअर बाहेर पडतं." म्हटलं, "आणि सहाव्या महिन्यात बंद पडतं." आई हसली. मग हळूच, "त्या मुलीनं विचारलं ते करून बघितलंस का गं?"

घरातसुद्धा तेच! ताटावरून उठले. डिसेंबरात फेलोशिप संपतेय, अख्खी पीएच.डी. या एका पेपरवर उभी आहे, आणि यांना शंका सुचतात.

१९ ऑगस्ट

करतेच आता. रिकामी खोबण छापून तिच्या टेबलावर चिकटवते, म्हणजे एकदाचं तोंड बंद होईल. बिनसाखरेचा क्रिस्टल तिच्याकडूनच ग्लिसरिनमध्ये बुडवून घेतला — नंतर कुरकुर नको. हात स्थिर आहे बाईचा, तेवढं मान्य.

२६ ऑगस्ट

पुन्हा वीज गेली! क्ष-किरणांचं मशीन बंद. जनरेटरचं डिझेल संपलंय म्हणे. धन्य आहे.

४ सप्टेंबर

सकाळी ईमेल — पेपर स्वीकारला. सरांनी पेढे मागवले.

दुपारी नकाशा आला. साखर घातलीच नव्हती, तरी खोबणीत तोच आकार. तेवढाच वाकडा. दहा वेळा तपासलं. ग्लिसरिनच आहे.

नम्रता शेजारी उभी होती. "ताई, तुमचंच खरं निघावं वाटत होतं मले," म्हणाली आणि रडायलाच लागली.

पेपर मागे घेतेय, असं संपादकांना कळवलं. सरांना विचारलं नाही.