रविवारची काचमंडळी

आई,

तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मी आता तुझ्याहून म्हातारा झालो आहे. गुडघे गेलेत, सून चांगली आहे, गारखेड्यातल्या त्याच घरात राहतो. तुला सांगायची एक गोष्ट राहून गेली. तू असताना सांगायला चांगले आठ महिने होते, तेव्हा सांगितली नाही. आता कागदावर सांगतो. हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मलाही कळतं.

गुलमंडीच्या मागच्या आपल्या भाड्याच्या घरात रविवारी सकाळी काचमंडळी जमायची. पोलीस ॲक्शननंतरची, निजामाचं राज्य गेल्यावरची ती वर्षं. मोठमोठी घरं रिकामी होत होती. कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याच्याही पलीकडं, आणि घर सोडताना माणसं सोनं नेतात, काच नेत नाहीत. ती काच बाजारात पोत्यांवर मांडलेली असायची. बिलोरी पेले, गुलाबदाण्या, अत्तराच्या कुप्या, दिवाणखान्यातल्या रंगीत हंड्या. बाबा तहसील कचेरीत कारकून, त्यांना काचेचं वेड कुठून लागलं देव जाणे. एक वकीलसाहेब, एक डॉक्टर आणि चौथे चाचा. हवेल्यांमधल्या हंड्या-झुंबरं उतरवून, धुऊन, दुरुस्त करून परत टांगायची, हा चाचांचा घरचा धंदा. हवेल्याच बसल्या तसा धंदाही बसला. बाकीचे तिघं काचेकडं मौज म्हणून बघायचे. चाचा एखादी हंडी हातात घेऊन म्हणायचे, "ये मैं खुद टांग्या था."

सतरंजीवर पांढरी चादर अंथरायची, ज्यानं त्यानं आठवड्यात मिळालेली वस्तू मधे ठेवायची, खिडकीच्या उजेडात धरून वाद घालायचा, अर्धा उर्दूत, अर्धा मराठीत. आतून तुझी फोडणीच्या चुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा यायचा. पहिली दोन-तीन वर्षं चाचांचा कप वेगळा होता, मोरीवरच्या खिडकीत पालथा घातलेला. मग एका रविवारी तो खिडकीत दिसला नाही. तू तो बाकीच्या कपांत मिसळून टाकला होतास. बाबांना विचारलं नाहीस, कुणाला सांगितलंही नाहीस.

काच धुवायचं काम तुझं. पितळी परातीत तळाला जुनं लुगडं घालायचीस, काचेला धक्का लागू नये म्हणून, वर रिठ्याचं कोमट पाणी. धुतलेला पेला नखानं वाजवून कानाशी धरायचीस. मला अजून ते दिसतं. तू उकिडवी बसली आहेस, डोळे मिटलेले, आणि चुलीवर दूध वर येतंय तरी तुझं लक्ष नाही.

वकीलसाहेबांनी गुलाबदाण्यांची जोडी आणली तो दिवस तुला आठवत असेल. सकाळभर त्यांनी तिचं कौतुक सांगितलं. तू धुतलेली जोडी घेऊन दारापर्यंत आलीस, बाबांच्या हातात देऊन वळणार, तेवढ्यात चाचांनी विचारलं, "भाभी, तुम्हारे कान क्या बोलते?" तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "एक चांगली हाय. दुसरी मानेपाशी जोडलेली हाय. आवाज बसका येतोय." वकीलसाहेब हसले. चाचांनी दाणी उजेडात धरली, फिरवली, आणि केसासारखी रेघ सगळ्यांना दाखवली. वकीलसाहेबांचं हसू गेलं. मंडळी उठल्यावर बाबा तुझ्यावर गरजले, "तुला कुणी इचारलं होतं? चार माणसांत माझं नाक कापलंस." तू म्हणालीस, "चाचांनी इचारलं होतं की." मी बारा-तेरा वर्षांचा. मला बाबांचंच खरं वाटलं. तुझ्यामुळं पाहुण्यांसमोर घराची शोभा झाली, असं वाटून मी त्या दिवशी तुझ्याशी बोललो नाही. चाचा मात्र त्यानंतर आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचे. "भाभी, पैले तुम बजाके देखो, फिर मैं अंदर जाताऊं." बाबांना ते माहीत होतं. पुढं कधी काही म्हणाले नाहीत.

मग मंडळी ओसरली. डॉक्टर मुलाकडं पुण्याला गेले, वकीलसाहेब वारले, पाठोपाठ बाबा. मी बँकेत लागलो होतो, गारखेड्यात घर बांधलं, तुला आणि बाबांचं काचेचं कपाट घेऊन आलो. वाटलं, संपलं ते. पण चाचा यायचे. सिटी बसनं, जुन्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून, दर रविवारी. आता सतरंजी नव्हती, तू खुर्चीवर बसायचीस, चाचा समोरच्या. दोघंच. बाबा असेपर्यंत तुला त्या बैठकीत बसायला मिळालं नाही, आणि बसायला मिळालं तेव्हा मंडळीत एकच माणूस उरलं होतं. तुम्ही काय बोलायचात मी कधी ऐकलं नाही. तुझं हसणं तेवढं आतल्या खोलीपर्यंत यायचं. तू एवढी मोठ्यानं हसतेस, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

त्यानंतर शहरात दंगलीचे ते वाईट दिवस आले. संचारबंदी लागली, उठली. उठल्यावरच्या पहिल्याच रविवारी चाचा आले. तू अंघोळीला गेली होतीस. मी फाटकापाशीच त्यांना गाठलं.

"चाचा, थोडे दिवस येऊ नका. दिवस बरे नाहीत. इथं लोक बघतात."

त्यांनी टॉवेलाचं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "हौ बेटा. कब तक?"

"मी सांगतो तुम्हाला."

"भाभी कू सलाम बोल देना," म्हणाले, आणि बसथांब्याकडं वळले.

आई, कुणी काही बोललं नव्हतं. शेजारचे हसून नमस्कार करायचे त्यांना, समोरच्यांनी तर घरातलं जुनं झुंबर त्यांच्याकडून नीट करून घेतलं होतं. मलाच लाज वाटायला लागली होती. कशाची, ते मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. आणि सलामही मी तुला सांगितला नाही.

तू दर रविवारी दोन कप काढून ठेवायचीस. पहिल्या रविवारी म्हणालीस, बस चुकली असंल. दुसऱ्या रविवारी म्हणालीस, आजारी असतील. "आपुन जाऊन यावं का रे?" मी म्हणालो, बघू. तुला एकटीनं रस्ता ओलांडवत नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग एकदा कपाट पुसता पुसता, माझ्याकडं न बघता विचारलंस, "माझं काई चुकलं का रे? शेवटच्या वेळी त्यांची कुपी मी खोटी म्हणले. लई मनाला लागलं असंल का?" मी पेपर वाचत होतो. "नाही गं," एवढंच म्हणालो आणि पान उलटलं. त्यानंतर तू विचारलं नाहीस. दुसरा कप काढणंही सोडलंस. फाटकापाशच्या त्या रविवारनंतर आठ महिन्यांनी तू गेलीस. दवाखान्यातले डॉक्टर काहीतरी हृदयाचं म्हणाले.

चाचांना कुणी कळवलं माहीत नाही. तुला नेलं तेव्हा ते फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडं उभे होते. आत आले नाहीत. मीच सांगितलं होतं ना. दहाव्यानंतर एकदा औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर भेटले. वाकले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बेटा, भाभी ने कभी पूछा क्या मेरेकू?"

मी म्हणालो, "नाही."

खरं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. त्यांनी मान हलवली, "अच्छा, अच्छा" म्हणाले, आणि माझा हात सोडून दिला. वर्षभरात तेही गेले. तुला वाटत राहिलं की ते रुसले, त्यांना वाटत राहिलं की तू विसरलीस. दोन म्हाताऱ्या माणसांच्या मनात ते मी घातलं, आणि दोघांनाही ते तसंच घेऊन जाऊ दिलं. काचेचं कपाट फर्दापूरच्या एका दुकानदारानं नेलं, लेणी बघायला येणाऱ्या प्रवाशांना विकायला. त्यातली एकही वस्तू मला ओळखता आली नसती.

चाचांच्या नातवाचं जुन्या शहरात दिव्यांचं दुकान आहे. तोही आता पन्नाशीला आला असेल. त्याला तरी सांगावं म्हणून काल रिक्षा करून गेलो. दुकानात गर्दी नव्हती. त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं, "बोलो चाचा, क्या होना?" म्हणून विचारलं. मी एक बल्ब मागितला. त्यानं लावून दाखवला, खोक्यात घातला. घरातले सगळे बल्ब चालू आहेत, आई. मी तो घेऊन परत आलो.