बे त्रिक सहा स्पीकर

४ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
लेखी ठेवणं भाग पडलं आहे. काल सून म्हणाली, "आई, तुम्ही असं म्हणालाच नव्हतात." मी म्हणाले होते. पुरावा नव्हता, एवढंच. यापुढे असेल.

मुद्दा असा. ह्यांचा डावा कान वर्षभरापासून कामातून गेला आहे. दर रविवारी दुपारी आम्ही दोघं लॅपटॉपवर सिनेमा बघतो. लॅपटॉपचा आवाज डासाएवढा. हे दर वाक्याला विचारतात, काय म्हणाला? मी सांगते. काल हे मध्येच उठले. म्हणाले, तू बघ, मला जेवताना गोष्ट सांग. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

मला त्याचं काही वाटलं नाही. शिस्त मोडली, म्हणून नोंद.

उपाय तयार आहे. मुलगा बोटीवर नोकरीला आहे. त्याचा रिसीव्हर, म्हणजे आवाज मोठा करून वाटून देणारा काळा डबा, सहा स्पीकरांसह माळ्यावर पडला आहे. समोर तीन, मागे दोन आणि एक मोठा ठोकळा. माहितीपुस्तकात लिहिलं आहे की माणसांचं बोलणं समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतं. तो ह्यांच्या उजव्या कानासमोर आला की प्रश्न मिटला. रविवारपर्यंत सहज.

सून म्हणाली, मी करून देऊ का? हात लावायचा नाही असं सांगितलं. मी बी.एस्सी. आहे. गणित. पहिला वर्ग.

५ मार्च
स्पीकर उतरवून पुसले. सुतळीने अंतरं मोजून मांडले. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नंबर घातला. सुतळीत पाय अडकून हे पडता पडता वाचले. खाली बघून चालायला काय होतं?

लॅपटॉपच्या कडेला नको तेवढी भोकं आहेत. धूळ जाते. तो घरी आला त्याच दिवशी मी ती पट्टी लावून बंद केली होती. चार्जरचं आणि हेडफोनचं उघडं आहे. तेवढी पुरेत.

६ मार्च
वायरींच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ताई, हेडफोनच्या भोकातून दोनच आवाज निघतात, डावा आणि उजवा. लॅपटॉपला एक चपटं पोर्ट असेल बघा, त्यातून सहाही जातील. नाही, म्हटलं. हल्ली सगळ्यांना असतं, म्हणाला. आमच्याला नाही, म्हटलं. गिऱ्हाइकाशी वाद घालायची सवय वाईट.

परतताना कोपऱ्यावर उत्तर सुचलं. एका वायरीतून दोन. तर तीन वायरींतून? बे त्रिक सहा. तशीच मागे फिरले. तीन वायरी घेतल्या आणि एका भोकाची तीन करणारा जोड घेतला. दुकानदार मागून काहीतरी सांगत होता. मी तोपर्यंत पायऱ्या उतरले होते.

७ मार्च. दुपारी ४.००
यश! रिसीव्हरच्या पाठीला ओळीने सहा भोकं आहेत. सहाही भरली. सहाही स्पीकर वाजतात. सून ऐकून गेली. म्हणाली, आई, सगळ्यांतून सारखंच येतंय. सिनेमा एकच चालू आहे, म्हटलं.

८ मार्च
शंका घेणाऱ्यांसाठी नोंद. आज चाचणी घेतली. सिनेमात एक माणूस बंगल्यात शिरतो. मागच्या स्पीकरमधून पावलं इतकी स्पष्ट आली की अंगावर काटा आला. पावलं जवळ जवळ येत गेली. मग आवाज आला, "आई, जरा पाय वर घेता का? फरशी पुसायची आहे."

सुनेने चपला घालून फरशी पुसू नये. आधीही सांगितलं आहे.

९ मार्च
ठोकळ्यावर फुलदाणी ठेवली होती. ठोकळ्याला सिनेमातली बंदुकीची गोळी सोसली नाही. फुलदाणी चालत चालत कडेपर्यंत गेली आणि पुढे गेली. हे म्हणाले, तिने जीव दिला. मी हसले नाही.

१० मार्च, रविवार
ह्यांना बोलावलं. बसले. दहाव्या मिनिटाला म्हणाले, भांडण चाललंय का? सगळीकडून सगळे एकदम ओरडतायत. समजावलं की त्यालाच सराउंड म्हणतात. म्हणाले, मग मला घेराव घातल्यासारखं वाटतंय. आणि उठले.

हे सुनेच्या खोलीत गेले. तिथे तिच्या टॅबला दोन हेडफोन लावून दोघं सिनेमा बघत होते. हसत होते. मी दारावरून तीन वेळा गेले. पडदे धुवायला टाकायचेत का, ते बघायला.

११ मार्च
सून म्हणाली, बाबांना हेडफोन सोयीचे पडतात, दर रविवारी तसंच करू का? म्हटलं, येत्या रविवारी सहा स्पीकर मी नीट वाजवून दाखवीन. नाही जमलं तर सगळं सामान तुझ्या ताब्यात. तिने विचारलं, लिहून देता? दिलं.

१३ मार्च
दोष भिंतींचा आहे. फार सरळ आहेत.

१४ मार्च
मागचे दोन स्पीकर समोर आणले, समोरचे दोन मागे नेले. फरक पडला. हा की आता नंबर चुकले आहेत.

१६ मार्च
पाच स्पीकरांवर रजया टाकल्या. फक्त मधला उघडा. ह्यांना ऐकायला बोलावलं. ते म्हणाले, आजारी कोण आहे?

उद्यापर्यंत पुष्कळ वेळ आहे.

१७ मार्च, रविवार. दुपारी २.३०
अजून वेळ आहे.

दुपारी ३.००
सून आली. लॅपटॉप हातात घेऊन फिरवला. कडेची पट्टी नखाने सोलली. खाली चपटं पोर्ट होतं. तिने पट्टी माझ्या हातात ठेवली. रजया उचलल्या, मागच्या-पुढच्या स्पीकरांच्या वायरींची अदलाबदल केली आणि त्या पोर्टातून एकच केबल रिसीव्हरला लावली. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये दोन स्पीकर लिहिले होते, तिथे सहा केले. चार मिनिटं लागली. हे म्हणाले तीन.

सायंकाळी ५.१०
हे माझ्या शेजारी बसले. बोलणं फक्त मधल्या स्पीकरमधून. मागून पाऊस. चाचणी म्हणून मी माझा उजवा कान दाबून बघितला, मग डावा. ठीक आहे.

त्यांनी ३ तारखेला अर्ध्यावर सोडलेला सिनेमाच लावायला सांगितला. पहिलं वाक्य आलं. मी सवयीने सांगू लागले, तो म्हणाला की. त्यांनी हात वर केला. कळलं, म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "थांब गं, ऐकू दे."

शेवटी धाकटा भाऊ थोरल्याला काहीबाही बोलून घर सोडून जातो. हे माझ्याकडे वळले. "तू तर त्या दिवशी जेवताना सांगितलंस, तो पाया पडून माफी मागतो."

मागायला हवी होती, म्हटलं.

ह्यांनी रिमोटने आवाज बंद केला. मग म्हणाले, "म्हणजे गेलं वर्षभर मी बघितले ते सिनेमे कुठले?"

सून पाणी आणायला म्हणून आत गेली. पंधरा मिनिटं आली नाही.

सायंकाळी ५.४०
११ तारखेच्या लेखी कबुलीनुसार सुनेकडे सुपूर्द:
रिसीव्हर, एक. रिमोटसह.
स्पीकर, सहा. नंबर चुकलेले.
लॅपटॉप, एक. भोकं उघडी.
वायरी तीन व जोड एक. निरुपयोगी.
माहितीपुस्तक. पान ३१ पर्यंत अधोरेखित.
ह्यांना सिनेमा समजावून सांगण्याचं काम. शिल्लक नाही.

घेणाऱ्याची सही: सून.
साक्षीदार: हे. न वाचता सही केली. सिनेमा पहिल्यापासून पुन्हा लावला होता.