एक थेंब नाही

अप्पा, खिडक्या जागेवर राहिल्या. आठच्या आठ. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला पाल्हाळ आवडायचं नाही आणि मला ते लावल्याशिवाय काही सांगता येत नाही. मी अशा पुस्तकी मराठीत लिहिते आहे याचं तुम्हाला हसू येईल. आपल्या घरातली मराठी तंजावरची, निम्मं तमिळ पोटात घेतलेली. ही दुसरी मी लग्नानंतर शिकले, नाशिकहून श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नोकरीला आलेल्या तुमच्या जावयाकडून. "तुमची मराठी बरी आहे, इस्त्री थोडी जास्ती झाली," असं तुम्ही त्यांना म्हणाला होतात. ते अजून पाहुण्यांना ही गोष्ट सांगतात.

तुमच्यामागे आम्ही याच घरात राहायला आलो. गेल्या वर्षीच्या वादळात शेजारच्या नारळाची झावळी हॉलच्या खिडकीवर आदळली. एक झडप बिजागरीसकट उखडून अंगणात जाऊन पडली, तीन तावदानं फुटली, आणि बाकीच्या खिडक्यांमधून इतकं पाणी आलं की आम्ही हॉलमध्ये बादल्या मांडून बसलो. पाऊस ओसरल्यावर तुमच्या नातीने एका माणसाला बोलावलं. ती पेरुंगुडीला एका कंपनीत आहे, तिच्या ऑफिसमधल्या अर्ध्या लोकांनी त्याच्याकडूनच पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या आहेत. त्याने खिशातली किल्ली काढून हॉलच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत खुपसली. किल्ली बोटभर आत गेली. "उळुत्तुप्पोच्चु मॅडम," तो म्हणाला, कुजून गेलंय सगळं, आणि फोनवर मापं टिपायला लागला. मला त्या किल्लीचा इतका राग आला की त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही. तो गेल्यावर मी सांगून टाकलं, खिडक्या मी दुरुस्त करणार आहे. "तू?" एवढंच लेक म्हणाली. मग म्हणाली, "आई, सेंटिमेंट नको गं उगाच. ओके, एक वर्ष घे. पण पुढच्या पावसात एक थेंब जरी आत आला ना, तर सगळ्या बदलायच्या. आठच्या आठ. डील?" मी डील म्हटलं. जावई तुमचे मध्ये पडले नाहीत. हात कापून घेऊ नकोस म्हणजे झालं, एवढंच बोलले.

तिच्या त्या "तू?" वर मी रागवायला हवं होतं, पण मला तुमचा आवाज आठवला. मी सोळा वर्षांची आहे. ऐप्पसी महिना, दिवाळीच्या आसपासचे दिवस, पाऊस आठवडाभर थांबलेला नाही, आणि स्वयंपाकघराची खिडकी फुगून बसली आहे. आई झडप ओढते आहे, ती लागत नाही, पाणी थेट स्टोव्हवर येतं आहे. मी तुमचा रंधा काढते आणि झडपेची कड तासून टाकते. खिडकी लोण्यासारखी लागते. आई माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडते. संध्याकाळी तुम्ही गिंडीहून सायकल हाकत, चिंब भिजून येता, अंगही न पुसता त्या कडेवरून अंगठा फिरवता. "कोण सांगिट्लं तुला?" आई म्हणते, मीच. तुम्ही तिच्याकडे बघत नाही. "लांकूड अत्तां फुगलंय. फुगलेलं तासलीस, तर सुकल्यावर काय उरेल? पावसांत खूण करायची, उन्हाळ्यांत रंधा मारायचा. ठाऊक नाही तर हात लावूं नये." तुम्ही आवाज चढवला नव्हता. चढवला असतात तर मी रडून मोकळी झाले असते.

मग मे महिन्यात तुम्ही मला त्या खिडकीपाशी नेलंत. झडप लावली होती, आणि तिच्या नि चौकटीच्या मधून पलीकडचं पेरूचं झाड दिसत होतं. "बोट घाल," तुम्ही म्हणालात. मी घातलं. करंगळी आरपार गेली. वाटलं, आता परत ऐकावं लागणार. तर तुम्ही सागाची एक पट्टी माझ्या हातात ठेवलीत आणि रंधाही. त्या रविवारी आपण दोघांनी ती पट्टी तासून झडपेच्या कडेला बसवली. तुम्ही फिटर होतात, सुतार नव्हेत. पण लोखंड काय नि लाकूड काय, फिटिंग ते फिटिंग, असं म्हणायचात. तुमच्या कारखान्यात दोन भाग एकमेकांना कुठे घासतात ते बघायला निळा रंग लावत. घरी तुम्ही आईची कपड्यांची नीळ वापरायचात. पहिल्या पावसात चौकटीला नीळ चोळायची, झडप लावून उघडायची; झडपेवर जिथे निळं उठेल तिथे ती अडते. तेवढ्यावरच पेन्सिलीने खूण, आणि उन्हाळ्यात तेवढ्यावरच रंधा. नीळ संपली की आई करवादायची, आणि तुमच्या पंच्यावर कायम निळे डाग कुठून येतात म्हणून वेगळी करवादायची. वादळानंतरच्या सकाळी तुम्ही सगळ्यांच्या आधी उठायचात. आम्ही डोळे चोळत बाहेर येईपर्यंत तुम्ही पंचा मागच्या दोरीवर टाकून पुढच्या पायरीवर उभे असायचात, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचात, "एक थेंब नाही!" आम्हाला त्या वाक्याची इतकी सवय होती की वादळ संपलं हे त्यावरूनच कळायचं.

माझ्या लग्नात तुम्ही जावयाला घड्याळ दिलंत आणि मला तो रंधा. सगळे नातेवाईक हसले. मीही हसले, पण माझा चेहरा पडला होता आणि तुम्ही तो पाहिला असणार. घड्याळ केव्हाच बंद पडलं, अप्पा.

तर गेल्या वर्षी त्याच ओल्या दिवसांत मी नीळ आणली. दुकानदार म्हणाला, अजून कोण वापरतं ही? खिडक्यांना ताडपत्री ठोकली आणि आठही चौकटींना नीळ चोळली. पेन्सिलीने खुणा केल्या आणि मग थांबले. अप्पा, तासण्यापेक्षा हे थांबणं अवघड होतं. लेक दर शनिवारी ताडपत्रीकडे बघून जायची. फेब्रुवारीत झडपा उतरवून गच्चीवर नेल्या. कुजलेल्या पट्ट्या कापून काढल्या; किल्ली बोटभर आत गेली होती ती जेमतेम एकच जागा, बाकी साग तांबूस आणि टणक. त्या माणसाला बोलावून दाखवावंसं वाटलं. आणि एक गोष्ट सापडली. प्रत्येक झडपेच्या खालच्या अंगाला तुम्ही एक बारीक खाच पाडून घेतली होती, पाणी आत न वळता तिथून बाहेर ठिबकावं म्हणून. तुमच्यामागे ज्या ज्या रंगाऱ्याला आम्ही बोलावलं, त्याने ती पुट्टी भरून, वर रंग मारून बुजवली होती. म्हणजे तुमच्या खिडक्या म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या, आम्ही त्यांचं तोंड बंद केलं होतं. त्या सगळ्या खाचा मी पटाशीने मोकळ्या केल्या. माझ्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला, तो मी ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींना मुद्दाम दाखवत फिरले. तावदानं बसवली, मे महिन्यात खुणेपुरतंच तासलं, आणि झडपा टांगल्या तेव्हा खिडकी लागल्याचा तो जुना आवाज आला. जावई आतून म्हणाले, "अगं, हा तर अप्पांच्या वेळचा आवाज." मी गच्चीवर जाऊन थोडी रडले. आनंदानेच.

यंदा पहिल्या सरीला पुन्हा नीळ चोळून ठेवली, पुढच्या उन्हाळ्यासाठी. आणि परवा वादळ आलं. दिवसभर पाऊस आडवा मारत होता. लेक घरूनच काम करत होती आणि कॉल संपला की हॉलच्या खिडकीखाली हात फिरवून बघत होती. कोरडं. बेडरूममध्ये, कोरडं. तिला हरायचं आहे की जिंकायचं आहे, हे तिलाच कळत नसावं. काल सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. का उठले, ते ठाऊक नाही. हॉल, दोन्ही खोल्या, देवघर, सगळं बघत बघत स्वयंपाकघरात आले.

त्या झडपेच्या कडेला, आपण दोघांनी बसवलेल्या पट्टीखाली, ओट्यावर पाणी होतं. फार नाही. तुमची पट्टी मी काढली नव्हती, काढवली नाही. शेगडीजवळ जावयांचा पंचा होता, तो घेतला आणि ओटा पुसला, झडपेची कड पुसली, आणि मागच्या दारी दोरीवर टाकला. टाकताना पाहिलं, त्याच्या टोकाला निळा डाग उठला होता. अप्पा, मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की तो तुमच्या आंघोळीचा पंचा. त्या खिडकीतून येणारं पाणी माझ्या रंध्याचं होतं, आणि तुम्ही ते दर वादळानंतर मी उठायच्या आत पुसत होतात.

लेक उठून आली. सगळीकडे फिरली, ओट्यावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं. "किचन पण?" मग हसली आणि मला मिठी मारली. "ओके, राहू देत. पण आई, पुढच्या उन्हाळ्यात मला पण शिकव ते निळीचं."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, रंध्याच्या पेटीत राहील. म्हणून तुम्हाला तेवढं खरं सांगते. तिने किचनचं विचारलं तेव्हा उत्तर म्हणून मी पुढच्या पायरीवर जाऊन उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "एक थेंब नाही!" ओंजळभर होतं, अप्पा.